अर्जदस्त: पात्र घडवायचं आणि दार ठोठवायचं

ज्यांना एसटीत हेडफोन न लावता वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या भागाचा लेखी अवतार. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढून टाकलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

आजचा विषय रोलप्लेचा. म्हणजे आपण एक नवं पात्र तयार करायचं, ऑनलाइन ग्रुपमध्ये अर्ज करायचा, अॅडमिनने होकार दिला की त्या पात्राच्या तोंडून महिनोन्‌महिने गोष्ट लिहायची. तुमच्यातले अर्धे जण हे डिस्कॉर्डवर करत असतील. उरलेल्या अर्ध्यांना वाटेल, हे काय रिकामटेकडं काम. दोघांनीही थांबा. कारण ही गोष्ट अमेरिकेत जाऊन परत आपल्या मराठवाड्यात येणार आहे, आणि शेवटी माझ्या आज्जीच्या दारात.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

२०२० चं लॉकडाऊन. बीटेकचं शेवटचं वर्ष, कॉलेज बंद, मी तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी. नेटवर्क फक्त गच्चीवर, तेही टाकीच्या उत्तरेला उभं राहिलं तर. एका इंग्रजी रोलप्ले ग्रुपचा पत्ता मित्राने दिला. काल्पनिक शहर, त्यात चाळीसेक पात्रं, आणि आत जायचं तर फॉर्म भरायचा. पात्राचं नाव, वय, गाव, दिसणं, स्वभाव, पूर्वकथा, ताकद, उणीव आणि शेवटी नमुना म्हणून दोन परिच्छेद.

मी रात्रभर जागून पात्र बनवलं. नाव शॅडो. वय एकोणीस. आईबाप लहानपणीच मेलेले. तलवार, बंदूक, हॅकिंग, सगळं येतं. एक डोळा लाल. कुणावर विश्वास ठेवत नाही. उणिवेच्या रकान्यात लिहिलं, ‘फार जास्त विचार करतो’. नोकरीच्या मुलाखतीत देतात तसलं उत्तर.

दोन दिवसांनी नकार आला. त्या अॅडमिनने तीन प्रश्न विचारले होते. अर्थ साधारण असा: हा कुणाचं काही देणं लागतो का? याला काय जमत नाही? आणि आमच्यापैकी कुणाला याच्याशी बोलायची गरजच का पडावी?

मला राग आला. मी मनात म्हटलं, यांना चांगलं पात्र कळत नाही. पण प्रश्न डोक्यातून गेले नाहीत. मग मी या फॉर्मचा इतिहास खणायला लागलो. इंजिनिअरला दुसरं येतं काय? एरर आला की लॉग वाचायचे.

तर इतिहास थोडक्यात.

१९७३ मध्ये अमेरिकेत पॉला स्मिथ नावाच्या लेखिकेने ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांच्या एका छोट्या मासिकात एक टिंगल करणारी कथा लिहिली. तिची नायिका मेरी स्यू, वय साडेपंधरा, अख्ख्या ताफ्यातली सगळ्यात तरुण लेफ्टनंट. तिला सगळं येतं, सगळे तिच्यावर भाळतात, ती मेली की सगळे रडतात. चाहते मंडळी स्वतःलाच गोष्टीत घुसवून असलीच पात्रं लिहायची, त्यांची ही चेष्टा होती. तेव्हापासून असल्या सर्वगुणसंपन्न पात्राला मेरी स्यू म्हणतात. माझा शॅडो म्हणजे मेरी स्यूचा लाल डोळ्याचा भाऊ.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला. कागदावर पात्राची पत्रिका, हातात फासे, टेबलाभोवती मित्र. इथे पात्राची ताकद आणि कमजोरी दोन्ही आकड्यांत आली. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा प्रोग्राम लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. नुसत्या अक्षरांचं जग. अनेक जण एकाच वेळी त्यात शिरून वावरायचे. पुढे इंटरनेट पसरलं, मेल, चॅटरूम, आणि २०१५ मध्ये डिस्कॉर्ड आलं. आपल्याकडे २०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, त्यानंतर बरीच पोरं ‘जीटीए फाइव्ह’च्या रोलप्ले सर्व्हरकडे वळली. त्यातल्या काहींत आजही आत जायचं तर पात्राची पूर्वकथा लिहून द्यावी लागते.

या सगळ्या प्रवासात दोन नियम पक्के झाले. एक, गॉडमॉडिंग नाही. म्हणजे समोरच्याच्या पात्राचं काय झालं ते आपण ठरवायचं नाही. ‘मी वार केला’ इतकंच लिहायचं, ‘आणि तो मेला’ हे लिहायचा हक्क त्याचा. दोन, मेटागेमिंग नाही. आपल्याला माहीत आहे म्हणून आपल्या पात्राला ते माहीत, असं नाही.

इथपर्यंत मला वाटत होतं की हा सगळा परदेशी माल. मग सुट्टीत एकदा घरातल्या जुन्या पोथ्या-पुस्तकांच्या ट्रंकेत एकनाथांच्या गाथेची सुटलेल्या पानांची प्रत हाती आली. भारुडांचा भाग चाळत होतो. एका भारुडाचा प्रकार लिहिलेला: अर्जदस्त.

अर्जदस्त म्हणजे अर्ज. फारसीतून आलेला सरकारी शब्द. खालच्या अधिकाऱ्याने वरच्या साहेबाला लिहिलेलं विनंतीपत्र.

संत एकनाथ पैठणचे. जन्म इ.स. १५३३ च्या सुमारास, समाधी १५९९. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर मोठ्या हुद्द्यावर होते आणि एकनाथांनी तिथे हिशेबाचं कामही केलं, असं परंपरा सांगते. राज्य निजामशाहीचं, दफ्तराची भाषा फारसी मिसळलेली. ती भाषा एकनाथांनी भारुडात उचलली.

त्या अर्जदस्तातलं पात्र बघा. जिवाजी शेखदार. शेखदार म्हणजे महसूल बघणारा अधिकारी, आणि जिवाजी म्हणजे आपला जीव. सोबत बुधाजी कारकून, म्हणजे बुद्धी. परगणा शरीराबाद, किल्ला कायापुरी. जिवाजी वर लिहून कळवतो की साहेब, तुमची नेमणूक घेऊन या किल्ल्यात आलो, पण इथली माणसं काम करू देत नाहीत. कोण माणसं? दंभाजी शेट्ये, कामाजी महाजन, क्रोधाजी नाईकवाडी, ममताई देशमुखीण. त्यात यमाजीपंताच्या तलबेची भीती. म्हातारपण फौज घेऊन आलंय, आणि किल्ल्यातली एकेक ठाणी उठायला लागलीत.

मी ते वाचून हसलो आणि मग गप्प झालो. कारण त्या अॅडमिनच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं इथे होती. जिवाजी कुणाचं देणं लागतो? ज्याने नेमलं त्याचं. त्याला काय जमत नाही? स्वतःच्याच परगण्यातली माणसं आवरता येत नाहीत. इतरांना त्याच्याशी बोलायची गरज का? कारण तो मागतोय. त्याचं काम अडलंय.

माझ्या शॅडोचं काहीच अडलं नव्हतं.

एकनाथांचं हे एकच पात्र नाही. त्यांच्या भारुडांचे विषय सव्वाशेच्या आसपास मोजले जातात. जोशी, पिंगळा, वासुदेव, गोंधळी, भुत्या, फकीर, महार, कोल्हाटीण, आंधळा, बहिरा, मुका, सासूला कंटाळलेली सून, विंचू चावलेला माणूस. या यादीकडे रोलप्लेवाल्याच्या नजरेने बघा. यात राजा जवळपास नाहीच. सगळी दारावर येणारी, काहीतरी मागणारी, कशाने तरी अडलेली माणसं. गावातल्या माणसाला ही सगळी ओळखीची होती. त्यामुळे पात्र समोर आलं की त्याच्याशी कसं बोलायचं हे लोकांना आधीच ठाऊक असायचं. आणि तेच पात्र जेव्हा भलतंच काही बोलायचं, नेहमीच्या भिक्षेऐवजी ज्ञान मागायचं, तेव्हा लोक कान टवकारायचे.

ही सोंगं यायची कुठे? कीर्तनात, आणि लळितात. लळित म्हणजे उत्सवाच्या शेवटी होणारा खेळ. देव सिंहासनावर बसलाय असं मानायचं. मग त्याच्यासमोर एकेक सोंग येणार. वासुदेव येणार, गोंधळी येणार, आपापल्या ढंगात बोलणार, आणि शेवटी देवाकडे मागणं मागणार. नुसतं स्वतःसाठी नव्हे, जमलेल्या सगळ्यांसाठी. म्हणजे पात्र बनवणं, समूहासमोर येणं आणि अर्ज करणं, ही सगळी साखळी आपल्याकडे देवळाच्या ओट्यावर होती.

आणि एक गोष्ट. ऑनलाइन रोलप्लेमध्ये कंसात लिहायची पद्धत आहे. पात्र बोलत नसून मागचा माणूस बोलतोय, हे सांगण्यासाठी. त्याला ओओसी म्हणतात. ‘जेवायला जातोय, दहा मिनिटांत येतो’ हे शॅडो म्हणत नाही, मी म्हणतो. एकनाथांच्या भारुडात हे काम शेवटची मुद्रा करते: ‘एका जनार्दनी’. इतका वेळ सून बोलत होती, फकीर बोलत होता. या दोन शब्दांनी पडद्यामागचा माणूस सही करतो. सोंग होतं, मी एकनाथ, जनार्दनांचा शिष्य.

आता इथवर ही गोष्ट गोड आहे. ‘बघा, आपल्याकडे सगळं आधीपासून होतं’ म्हणून मी भाग संपवू शकलो असतो. व्हॉट्सअॅपवर असे संदेश खूप फिरतात. पण त्याने एक प्रश्न झाकला जातो.

एकनाथ पैठणचे ब्राह्मण होते, आणि त्यांनी ‘जोहार’ घालणाऱ्या महाराच्या तोंडून भारुडं लिहिली. गावाच्या उतरंडीत ज्याला सगळ्यात खाली ठेवलं, त्याच्या तोंडून त्यांनी गावाला दोन शब्द सुनावले. सोळाव्या शतकात ही छोटी गोष्ट नव्हती. पण भारुड संपलं की सहीला एकनाथ होते. ज्याला रोज खरोखर जोहार घालावा लागत होता, त्याला संध्याकाळी ते उतरवून ठेवता येत नव्हतं. मला वाटतं या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या पाहिजेत. आपण जेव्हा फॉर्ममध्ये ‘अनाथ’, ‘निर्वासित’, ‘झोपडपट्टीतला’ असं सहज टाइप करतो, तेव्हा आपणही कुणाचं तरी जगणं दोन तासांसाठी उसनं घेत असतो.

हे मला कळलं ते पुस्तकातून नाही. दारातून कळलं.

मी लहान असताना आमच्या गावात सुगी झाली की बहुरूपी यायचा. आमच्याकडे काही जण त्याला रायरंद म्हणतात. खाकी कपडे, डोक्यावर टोपी, तोंडात शिट्टी, हातात दांडकं. तो थेट अंगणात यायचा आणि माझ्या आज्जीवर ओरडायचा, “चला ठाण्यात, तुमच्यावर केस झालीय!” मी पलंगाखाली. आज्जी मात्र शांतपणे म्हणायची, “केस कसली रं बाबा?” मग तो गुन्हा सांगायचा. सुनेला जास्त लाडावलं म्हणून. कोंबडीने शेजारच्या अंगणात अंडं घातलं म्हणून. मग ठाण्याची भाषा सोडून एकदम लग्नाचं उलटंपालटं आमंत्रण सुरू. सगळा वाडा हसायचा. शेवटी तो टोपी काढायचा, आवाज खाली यायचा. “माय, लेकरंबाळं हायेत.” आज्जी सुपातून ज्वारी द्यायची.

टोपी काढणं हीच त्याची ओओसी. तीच त्याची सही.

आता रोलप्लेचे नियम लावून बघा. तो कुणाला धक्का लावत नव्हता. केस टाकायचा, पण उत्तर आज्जीवर सोडायचा. गॉडमॉडिंग नाही. त्याला आख्ख्या गावाच्या भानगडी माहीत असणार, पण पोलिसाच्या सोंगात तो त्या कधी बाहेर काढत नव्हता. मेटागेमिंग नाही. आणि रोज नव्या दारात, नव्या लोकांसमोर अर्ज. नकार मिळाला तर त्या दिवशी चूल पेटायचा प्रश्न. आपल्याकडे म्हण आहे ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. ती त्याच्याइतकी कुणाला कळली असेल?

महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत बहुरूपी आहेत. गोंधळी, वासुदेव, जोशी हेही आहेत. म्हणजे एकनाथांच्या भारुडांतली पात्रं आज सरकारी यादीत सापडतात. आपण ज्याला ‘क्रिएटिव्ह’ म्हणतो, ते करून पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणारी ही माणसं. त्यांच्याकडे कितीतरी पात्रं होती, राहायला गाव मात्र नव्हतं.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला बरं वाटत नाही.

२०१८ चा जून. मी कॉलेजात, सुट्टीला घरी. आमच्या नात्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संदेश आला: मुलं पळवणारी टोळी जिल्ह्यात फिरतेय, वेगवेगळे वेश घालून येतात, सावध राहा. सोबत एक व्हिडिओ. मी तो दोन ग्रुपवर पुढे पाठवला. का? काळजीपोटी, असं तेव्हा म्हणालो असतो. खरं म्हणजे अंगठा सवयीने गेला. मी कॉम्प्युटरचा विद्यार्थी. तो व्हिडिओ कुठला, कधीचा, हे शोधायला मला पाच मिनिटं लागली असती.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, पाच जणांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. भिक्षा मागत फिरणारे. आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. त्यांनी कसलंही सोंग घेतलेलं नव्हतं. जे होते तेच दिसत होते, आणि तेच लोकांना सोंग वाटलं.

माझा संदेश तिथे पोचला असेल असं मी म्हणत नाही. पण तसाच संदेश होता, आणि माझ्यासारखेच अंगठे होते.

त्या वर्षी सुगीनंतर आमच्याकडे बहुरूपी आला नाही. पुढच्या वर्षी आला तो खाकी न घालता. साधा सदरा आणि खांद्याला पिशवी. गल्लीतल्या पोरांनी त्याला चौकात अडवून आधार कार्ड मागितलं होतं. आज्जीने विचारलं, “आज पोलीस नाही का आला?” तो म्हणाला, “माय, आता खाकी घातली तर लोक मारतील.” तिने ज्वारी दिली, चहा दिला. तो बसला नाही.

त्यानंतर तो आमच्या दारात आलेला मला आठवत नाही. आणि वर्षभरात मी गच्चीवर टाकीच्या उत्तरेला उभा राहून शॅडोचा फॉर्म भरत होतो. उणिवेचा रकाना मला भरता येत नव्हता. तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध मला दिसला नाही. अर्जदस्त वाचल्यावर दिसला.

अर्ज नाकारला जाणं म्हणजे काय, हे आपल्यासाठी एक नोटिफिकेशन असतं. राग येतो, दुसरा ग्रुप शोधतो. पण ज्याचं आयुष्यच दारोदार अर्ज करण्यात जातं, त्याच्यासाठी गावाने होकार देणं म्हणजे जेवण, आणि आता तर जीव. आपण रोलप्ले शिकतो तेव्हा नेमकं काय शिकतो? समोरचा सोंगात आहे हे ओळखायचं, आणि त्या सोंगाच्या मागचा माणूसही ओळखायचा. माझ्या आज्जीला शाळा माहीत नव्हती, पण हे येत होतं. ती पोलिसाला पोलिसासारखं उत्तर द्यायची आणि ज्वारी मात्र माणसाला द्यायची.

मी पुढे त्याच ग्रुपला पुन्हा अर्ज केला. या वेळी पात्र जवळचं घेतलं. नळदुर्गचा किल्ला तुम्ही पाहिला असेल. बोरी नदीवरचा तो बंधारा, आणि बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात डोक्यावरून धबधबे कोसळतात आणि माणूस आत कोरडा उभा राहू शकतो. तिथून मी माझा माणूस काढला. त्यांच्या काल्पनिक शहराच्या धरणाचा राखणदार, वय चोपन्न. पाण्याचा आवाज ऐकून पूर कधी येणार ते सांगतो. त्याला पोहता येत नाही. मागच्या पुरात त्याने वेळेवर आरोळी दिली नाही, त्यात शेजाऱ्याचं घर गेलं, ते देणं त्याच्या डोक्यावर आहे. आता त्याला कुणीतरी पोहायला शिकवणारं हवंय, पण मागायची लाज वाटते.

आरोळी न देणं हे कुठून आलं, ते तुम्हाला कळलं असेल. मी नको ती आरोळी दिली होती, एवढाच फरक.

त्या दिवशी संध्याकाळीच होकार आला. पहिल्याच आठवड्यात तीन जणांची पात्रं त्याच्याशी बोलायला धरणावर आली. एकीने त्याला पोहायला शिकवायचं ठरवलं. ते शिकणं चार महिने चाललं, आणि तो शेवटपर्यंत नीट पोहू शकला नाही.

तर तुम्ही पात्र बनवत असाल, तर नाव आणि डोळ्यांचा रंग शेवटी ठरवा. आधी तीन ओळी लिहा. हा कुणाचं काय देणं लागतो. याला काय जमत नाही. आणि हा दारात उभा राहून काय मागतोय. जमलंच तर पात्र तुमच्या गावातलं घ्या. तेर, परंडा, कळंब, भूम, कुठलंही. टोकियो मलाही आवडतं, पण तिथल्या चहावाल्याला उधारी कशी मागतात हे मला माहीत नाही. आपल्या गावात ते माहीत असतं.

आणि एकनाथांच्या भारुडांत अर्जदस्ताच्या सोबत आणखी एक प्रकार आहे, तो सांगून थांबतो: अभयपत्र. वरून येणारं आश्वासन, की घाबरू नका, तुम्हाला इथे धोका नाही. ग्रुपचे अॅडमिन झालात तर नवख्याला नकार देतानाही असं पत्र लिहिता येतं. मला आलेला नकार तसाच होता, मला तेव्हा कळलं नाही. आणि सुगीनंतर तुमच्या गल्लीत कुणी खाकी घालून शिट्टी वाजवत आला, तर मोबाइल काढण्याआधी त्याला विचारा, “केस कसली रं बाबा?”

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि पुढे पाठवायच्या आधी पाच मिनिटं थांबा.